वरच्या मजल्यावर रेन शॉवर चालेल का? नळ घेण्याआधी प्रेशरचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रोडवरची तळमजला अधिक तीन मजल्यांची जुनी इमारत आणि तुमचा फ्लॅट सगळ्यात वर. गच्चीवर टाकी, शेजारी सोलर. बाथरूम नव्याने करताय. शॉवर १० इंची रेन आणि बेसिनला उंच, बारीक सिंगल लिव्हर मिक्सर पसंत पडलाय. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तोच शॉवर छान चालतो, मग तुमच्याकडे का चालू नये? शिवाय खराडीत १४ मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बहीण राहते, तिच्याकडे नळ शिट्टी मारतात आणि बेसिनखालचा कनेक्शन पाईप दोनदा फुटलाय.

रेन शॉवर घेऊ नका. पाणी येईल, पण मधल्या भोकांतून ठिबकेल आणि कडेची भोकं कोरडी राहतील. कारण कंपनीत नाही, उंचीत आहे. नळ स्वतः दाब तयार करत नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या नळापेक्षा जितकी वर, तितकाच दाब मिळतो. प्लंबर ज्याला एक किलो प्रेशर म्हणतात, त्यासाठी १० मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट उंची लागते. एक फूट म्हणजे ०.०३ किलो, आणि एक मजला १० फुटांचा धरला तर मजल्यामागे ०.३ किलो. टाकी दोन हजार लिटरची आहे की पाच हजारांची, याने दाबात काहीच फरक पडत नाही. नेमका हाच गैरसमज सोसायट्यांमध्ये फार आहे आणि त्यापायी मोठी टाकी बसवून पैसे वाया जातात.

आता तुमच्या घराचा हिशोब. फरशीपासून गच्ची १० फुटांवर. टाकी विटांच्या ओट्यावर, गच्चीपासून तिचा तळ दीड फूट वर. शॉवरचं तोंड फरशीपासून ७ फुटांवर. म्हणजे टाकी तळाला गेली असताना हेड, म्हणजे नळाच्या तोंडापासून पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची, साडेचार फूट, आणि ४ फूट पाणी भरलेलं असताना साडेआठ फूट. किलोत ते ०.१४ ते ०.२६ होतं. बेसिनचा नळ ३ फुटांवर असतो, त्याला ०.२६ ते ०.३८ मिळतं. बादलीचा नळ २ फुटांवर असेल तर ०.२९ ते ०.४१. एकाच बाथरूममध्ये शॉवर रडतो आणि बादलीचा नळ बरा चालतो तो यामुळे. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना वीस फूट जास्त मिळतात, त्यांच्या शॉवरला ०.७५ ते ०.८७ किलो. तुमच्या सरासरीच्या चौपट.

चौपट दाब म्हणजे चौपट पाणी असं मात्र नाही. धार दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते: दाब चौथाई झाला की धार निम्मी होते. कॅटलॉग वाचताना हे कामाला येतं. शॉवरच्या पानावर ‘३ किलोला मिनिटाला १५ लिटर’ असं लिहिलं असेल, तर ०.८ किलोला तो साडेसात लिटरच्या आसपास देईल आणि तुमच्या ०.२ किलोला जेमतेम चार लिटर. १० इंची ताटलीच्या शे-दीडशे भोकांत चार लिटर वाटले गेले की काय उरणार? तेच चार लिटर ४ इंची शॉवरमधून अंगावर पडले तर आंघोळ होते. शोरूममध्ये शॉवर चालवून दाखवतात तेव्हा मागे पंप असतो, तिथल्या धारेवर जाऊ नका. किमान दाबाचा आकडा कॅटलॉगात किंवा खोक्यावर शोधा. ०.५ किलो किंवा त्याहून जास्त लिहिलेली कुठलीही वस्तू तुमच्या बाथरूमसाठी नाही.

हा झाला कागदावरचा दाब. नळ उघडल्यावर त्यातला किती शिल्लक राहतो, हे पाईप ठरवतो, आणि तुमच्या इमारतीत खरी गोम इथेच असण्याची शक्यता जास्त आहे. तीसेक वर्षांपूर्वीच्या इमारतींत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप आहेत. अर्धा इंची जीआय आतून गंजून, क्षार धरून पेन्सिल जाईल न जाईल इतका उरतो. नव्या पाईपचंही गणित समजून घ्या. अर्धा इंची सीपीव्हीसीतून (प्लॅस्टिकच्या पाईपमधून) मिनिटाला १० लिटर पाणी १० मीटर नेलं, तर सुमारे २ मीटर हेड निव्वळ घर्षणात जातं. तेवढंच पाणी पाऊण इंची पाईपमधून नेलं तर जेमतेम एक फूट जातं. तुमच्याकडे मुळात हेडच साडेचार ते साडेआठ फूट. अर्धा इंची पाईपने गच्चीवरून बाथरूमपर्यंत आणलंत तर सगळी कमाई वाटेतच खर्च होईल, मग नळ कितीही भारी घ्या.

हे तपासायला महागडं साधन लागत नाही. गवंडी लेव्हल पाहायला वापरतात तो पारदर्शक पाईप १२ फूट आणा. बाथरूममधल्या नोजलवाल्या बिब कॉकला, म्हणजे बादलीच्या नळाला, तो क्लिपने आवळून बसवा आणि दुसरं टोक उघडंच ठेवून छताजवळ व्हेंटिलेटरला बांधा, तोंड बाहेरच्या बाजूला. बिब कॉक हळूहळू उघडा. घरातले बाकीचे सगळे नळ बंद असतील तर पाणी चढत जाऊन टोकातून बाहेर पडेल, कारण टाकीची पातळी छतापेक्षा वरच आहे. आता बेसिनचा नळ पूर्ण उघडा आणि पारदर्शक पाईपकडे बघत राहा. पाणी झरझर खाली येईल आणि एका उंचीवर थांबेल. पेन्सिलने भिंतीवर तिथे खूण करा. ती खूण शॉवरच्या तोंडाच्या खाली आली, तर बेसिन चालू असताना शॉवरला थेंबही मिळणार नाही. नळ बदलून यात काही सुधारणा होत नाही, पाईपच बदलावा लागतो. खूण शॉवरच्या बरीच वर राहिली किंवा पाणी टोकातून वाहतच राहिलं, तर पाईप ठीक आहे आणि तुम्ही नळाकडे वळू शकता. ही परीक्षा सकाळी सातला, सगळी इमारत आंघोळीला असताना एकदा आणि दुपारी एकदा करा. दोन्ही खुणांत हातभर फरक पडला तर गच्चीवरून येणारी समाईक लाईन अपुरी आहे.

सोबत बादलीची मोजणीही करा. जाळी काढलेल्या बिब कॉकखाली १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ६० सेकंदांच्या आत भरली तर उत्तम, ९० पर्यंत चालेल. दोन मिनिटांवर गेली तर आधी गच्चीवर जा. टाकीच्या आउटलेटला पितळी चाकाचा गेट व्हॉल्व्ह असेल तर त्याच्यावर पहिला संशय घ्या. त्याचा दांडा आतून तुटतो, चाक फिरत राहतं आणि पाती मात्र अर्धी खाली लोंबकळत राहते. बाहेरून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा वाटतो. तिथे फुल बोअरचा बॉल व्हॉल्व्ह टाका. आउटलेटच्या लगेच पुढे वर काढलेला, तोंड उघडं ठेवलेला एअर पाईप आहे का तेही बघा. तो नसेल किंवा कोणीतरी डमी मारून बंद केला असेल, तर टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की लाईनमध्ये हवा अडकते आणि वरच्या मजल्याला तासन्‌तास फुरफुरत पाणी येतं.

भिंती फोडणारच आहात, तर पैसा आधी पाईपवर घाला. सोसायटीची परवानगी घेऊन टाकीपासून तुमच्या फ्लॅटसाठी स्वतंत्र एक इंची लाईन आणा, बाथरूमच्या आत पाऊण इंची फिरवा आणि अर्धा इंची फक्त प्रत्येक नळाच्या शेवटच्या दीड-दोन फुटांत ठेवा. काटकोनी एल्बो जितके कमी तितकं बरं. इमारतीला जिन्याच्या खोलीवर टाकी बसवता येण्यासारखी असेल तर त्यासारखा उपाय नाही, एका फटक्यात आठ-नऊ फूट मिळतात आणि तुमचा शॉवर ०.४ किलोच्या पुढे जातो. पण हजार लिटर म्हणजे एक टन वजन. स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब पाहिल्याशिवाय हे करू नये.

आता नळ. कमी दाबाच्या घरात एकच गोष्ट बघायची, ती म्हणजे आतली वाट किती मोकळी आहे. क्वार्टर टर्न नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर फिरतात आणि त्यांच्यातल्या खिडकीतून पाणी जातं. दुकानदाराला स्पिंडल खोलून दाखवायला सांगा. ती खिडकी काही नळांत बोटाच्या नखाएवढी असते, काहींत तांदळाच्या दाण्याएवढी, आणि बाहेरून दोन्ही नळ सारखेच चकचकीत दिसतात. दोन-अडीच फेरे फिरणारा, वॉशरचा जुन्या पद्धतीचा नळ पूर्ण उघडला की त्याची वाट याहून मोकळी असते. बादलीसाठी मी तुम्हाला तोच सुचवेन, वॉशर दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागला तरी. पितळी नळावर आयएस ८९३१ चा शिक्का बघून घ्या. हलका, पातळ नळ क्षाराच्या पाण्यात आतून लवकर खातो.

तुम्हाला आवडलेला बेसिनचा उंच सिंगल लिव्हर इथे दोन कारणांनी मार खातो. उंच असल्याने अर्धा-पाऊण फूट हेड जातं, हे एक. पण मोठं कारण खाली दडलेलं आहे. अशा मिक्सरला खालून दोन बारीक लवचिक पाईप येतात. त्यांचं टोक अर्धा इंची असलं तरी आतली नळी जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरची असते. तुमच्या ०.३ किलोला त्यातून बारीक धारच येणार. त्याऐवजी अर्धा इंची थ्रेडचा साधा पिलर कॉक घ्या, गरम पाणी बेसिनला हवंच असेल तर दोन चाव्यांचा सेंटर होल मिक्सर घ्या, आणि कनेक्शन पाईप मोठ्या आतल्या व्यासाचा निवडून घ्या. तोंडाला फेसाळ धार देणारा एअरेटर काढून तिथे साधी जाळी लावा. एअरेटर पाण्यात हवा ओढतो, त्यालाही दाब लागतो. बहुतेक नळांना २४ मिलिमीटरचा थ्रेड असतो, जुना एअरेटर दुकानात घेऊन गेलात की जोडीची जाळी मिळते. कनेक्शन पाईप जिथे भिंतीला जोडतात तो छोटा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे ना, हे विसरू नका. कित्येकदा फरशी पुसताना कोणीतरी तो अर्धा फिरवलेला असतो.

शॉवरसाठी ४ ते ५ इंची, कमी भोकांचा, रबरी नोजलवाला घ्या आणि शक्य असेल तर त्याचं तोंड साडेसहा फुटांवर आणा. सहा इंच खाली म्हणजे ०.०१५ किलो जास्त, ऐकायला क्षुल्लक, पण साडेचार फुटांतलं अर्धा फूट म्हणजे नववा हिस्सा. दांडी भिंतीतून घ्या, छतातून नको. मिक्सर भिंतीवरचा, दोन चाव्यांचा, आणि शॉवरकडे वळवायला स्वतंत्र चावी असलेला बघा. दांडी वर ओढली की पाणी शॉवरला वळवणारे डायव्हर्टर पाण्याच्या दाबावरच वर टिकतात. तुमच्याकडे तो दांडा आपोआप खाली पडेल. भिंतीतला डायव्हर्टरच हवा असेल तर ४० मिलिमीटर कार्ट्रिजचा (आतल्या चकत्यांच्या डबीचा) हाय फ्लो घ्या, त्यापेक्षा लहान नको.

कमोडला सिस्टर्न, म्हणजे फ्लशची टाकी लावा. भिंतीतल्या फ्लश व्हॉल्व्हला स्वतःची सव्वा इंची लाईन आणि चांगला दाब लागतो. सिस्टर्न उशिरा भरेल एवढंच. हेल्थ फॉसेटबद्दल (कमोडशेजारच्या हातातल्या फवाऱ्याबद्दल) काळजी नको, खाली असल्याने तो चालतो.

सोलरकडे मात्र लक्ष द्या. पुण्यातल्या गच्च्यांवर बहुतेक काचेच्या नळ्यांचे, दाब न घेणारे सोलर आहेत. त्यांचं गरम पाणी फक्त उंचीच्या जोरावर खाली येतं. वरच्या मजल्यावरचा माणूस कंटाळून थंड पाण्याच्या लाईनला प्रेशर पंप लावतो आणि तिथून त्रास सुरू होतो. मिक्सर उघडला की जोरातलं थंड पाणी गरमच्या पाईपमध्ये उलटं शिरतं, शॉवर थंड पडतो आणि सोलरच्या टाकीवरच्या हवेच्या पाईपातून पाणी ओसंडतं. सोलरच्या लाईनलाही पंपाचा दाब द्यावा म्हटलं, तर नळ्यांच्या तोंडाची रबरं गळू लागतात. त्यामुळे मिक्सरच्या दोन्ही बाजूंना एकाच पातळीवरच्या टाक्यांचं, सारख्याच जाडीच्या पाईपमधून येणारं पाणी असावं, ही अट पाळाच. उलटा प्रवाह अडवायला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावाल तर फ्लॅपचा लावा. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडायलाच फूटभर हेड तरी खातो आणि तेवढं वाया घालवण्यासारखं तुमच्याकडे नाही.

पंप हवाच असेल तर सोलरचा मिक्सर वेगळा ठेवून थंड आणि इलेक्ट्रिक गिझर अशा दोन्ही लाईनी त्या पंपावरूनच घ्या. मग दाब दोन्हीकडे सारखा राहतो. अर्ध्या एचपीचा पंप एका घराला पुरतो. तो टाकीच्या आउटलेटजवळ, सावलीत, अर्थिंगसह बसवा. फ्लो स्विचचे पंप पाणी मुळात थोडं तरी वाहत असल्याशिवाय सुरू होत नाहीत, तुमच्या शॉवरसाठी प्रेशर स्विचचा बरा. गिझरच्या पाटीवर किती किलोचा आहे ते आधी वाचा. गॅस गिझर असेल तर त्याचा बर्नर पाण्याच्या दाबावरच पेटतो, कमी दाबाला तो विझत राहतो. पालिकेच्या लाईनला थेट मोटर लावण्याचा विचारही करू नका. ते बेकायदा आहे, आणि रिकाम्या वेळेत त्या पाईपमध्ये गटाराचं पाणी ओढलं जाऊ शकतं.

बहिणीच्या घरी नेमकं उलटं आहे. तिच्या वर बारा मजले, म्हणजे १२० फूट, त्यात टाकीची उंची धरून चार किलो. बहुतेक घरगुती नळांना १ ते ३ किलो मानवतं. अशा इमारतींत डक्टमध्ये (पाईप जातात त्या उभ्या पोकळीत) खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारा प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह असतो, पण तो आतून झिजला की दिवसा दाब ठीक दिसतो आणि रात्री सगळे नळ बंद असताना हळूहळू वर चढतो. कनेक्शन पाईप पहाटे फुटतात ते यामुळे. ० ते ७ किलोचा अर्धा इंची थ्रेडचा गेज पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून तो वॉशिंग मशीनच्या नळाला लावा. रात्री दहाला आणि पहाटे पाचला, कोणी नळ उघडण्याआधी, काटा बघा. दोन आकड्यांत एक किलोचा फरक असेल तर सोसायटीला व्हॉल्व्ह दुरुस्त करायला सांगा. तोवर फ्लॅटच्या मुख्य लाईनवर स्वतःचा पाऊण इंची व्हॉल्व्ह बसवून तो २ किलोला सेट करता येतो. त्याच्या आधी गाळणी हवीच, नाहीतर सहा महिन्यांत कचरा अडकतो.

अँगल कॉक थोडा बंद करून शिट्टी थांबते आणि लोकांना वाटतं दाब कमी झाला. तसं होत नाही. अँगल कॉकने धार कमी होते, पण नळ बंद असताना पूर्ण चार किलो पुढच्या पाईपवर आणि कार्ट्रिजवर बसलेलेच असतात. म्हणून बाहेरगावी जाताना तिने मुख्य कॉक बंद करावा, हेल्थ फॉसेटचा अँगल कॉक तर एरवीही वापरानंतर बंद ठेवावा. दाब आटोक्यात आला की तिथे सिंगल लिव्हर, रेन शॉवर, बारीक कनेक्शन पाईप हे सगळं मजेत चालेल. उलट मिनिटाला ६ लिटरचे एअरेटर लावले तर शिट्टीही जाईल आणि पाणीही वाचेल. लिव्हर झटक्यात बंद केला की भिंतीत ‘ठक्’ आवाज येत असेल तर डक्टमधले पाईप क्लँपने घट्ट करून घ्यावेत. बोअर किंवा टँकरचं पाणी येत असेल तर क्षार फार असतो. एअरेटर आणि शॉवरची ताटली दर दोन महिन्यांनी काढून, ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून रात्रभर बुडवून ठेवावी. संडासचं ॲसिड क्रोमवर घालू नये, पत्रा सोलल्यासारखा मुलामा निघतो.

तुमच्याकडे काम सुरू झालं की प्लंबरला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. टाईल लावण्यापूर्वी टेस्टिंग पंपाने लाईन भरून किमान एक तास काटा हलत नाही ना ते तुमच्यासमोर दाखवायचं. आणि नवे नळ बसवण्याआधी प्रत्येक पॉइंटचा प्लग काढून, खाली बादली धरून, दहा मिनिटं पाणी मोकळं सोडायचं. सीपीव्हीसी कापताना पडलेला भुसा, सोल्युशनच्या गाठी, वाळू, टेफ्लॉनचे तुकडे हे सगळं त्या पहिल्या पाण्याबरोबर येतं. नळ आधी बसवला तर तो कचरा थेट सिरॅमिकच्या चकत्यांमध्ये जाऊन बसतो, आणि नवा नळ पहिल्याच आठवड्यात गळतो किंवा बारीक चालतो.